एकसष्टाचे ज्येष्ठमूळ

एकशे शहात्तर कोटी, त्रेसष्ट लक्ष, एकोणीस हजार, एकोणपन्नास. अंकांत मांडावयाची तर १७६६३१९०४९. दहा अंकांच्या ज्या नऊशे कोटी संख्या आहेत त्यांतली ही एक. एखाद्या पेढीच्या खातेवहीत ती आढळली असती, तर कोणी तिच्याकडे वळूनही पाहिले नसते. परंतु ही संख्या इ. स. ११५० मध्ये भास्कराचार्यांनी आपल्या 'बीजगणित' ग्रंथात एका उदाहरणाचे उत्तर म्हणून दिली. आणि त्यानंतर पाच शतकांनी, १६५७ साली, फ्रान्समधील तुलूझ नगरीच्या न्यायालयात अधिकारावर असलेल्या पिएर द फर्मा या गृहस्थाने यूरोपातील गणितज्ञांस जे आव्हान दिले, त्याचेही उत्तर अक्षरशः हीच संख्या होय. या एका संख्येचा इतिहास वाचकांपुढे मांडावा असे आम्ही योजिले आहे. तो मांडताना थोडेसे गणित टाळता येणार नाही. पण शाळेत वर्ग आणि वर्गमूळ शिकलेल्या कोणालाही ते जड जाणार नाही, अशी आमची खात्री आहे.

उदाहरण असे आहे : ज्या वर्गाला ६१ ने गुणून त्यात १ मिळविला असता पुन्हा पूर्ण वर्गच निष्पन्न होतो, असा वर्ग कोणता? आपल्या प्राचीन गणितात या प्रकरणास वर्गप्रकृती असे नाव आहे. गुणक जो ६१ त्यास प्रकृती म्हणावयाचे, मिळवावयाचा जो १ तो क्षेप; ज्या लहान संख्येचा वर्ग घ्यावयाचा ते कनिष्ठमूळ, आणि शेवटी जो वर्ग येतो त्याचे मूळ ते ज्येष्ठमूळ. हे शब्द इतके नेमके आहेत की यापुढे आम्हीही तेच वापरू. एकसष्टाच्या बाबतीत सर्वांत लहान कनिष्ठमूळ २२६१५३९८० हे आहे आणि त्याच्या जोडीचे ज्येष्ठमूळ म्हणजे आमची आरंभीची संख्या. ज्यांस पडताळा पाहावयाचा असेल त्यांच्यासाठी सांगतो : कनिष्ठाचा वर्ग ५११४५६२२६६९८४०४००, त्याची एकसष्ट पट ३११९८८२९८२८६०२६४४००, आणि ज्येष्ठाचा वर्ग ३११९८८२९८२८६०२६४४०१. एकोणीस अंकांच्या या दोन संख्या अखेरच्या अंकापर्यंत हातात हात घालून चालतात आणि तेथे नेमक्या एकाने वेगळ्या होतात.

एवढी अवाढव्य संख्या एकसष्टाच्याच वाट्याला का यावी, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे शेजारी पाहा. साठ ही प्रकृती घेतली तर कनिष्ठमूळ ४ आणि ज्येष्ठमूळ ३१ : सोळाची साठपट ९६०, आणि एकतीसचा वर्ग ९६१. बासष्ट घेतली तर ८ आणि ६३. त्रेसष्ट घेतली तर १ आणि ८; तेथे काही करावयासच नको. अशा सुखवस्तू शेजाऱ्यांच्या आळीत हा एकसष्टच तेवढा असा निघाला की त्याचे उत्तर एकदम बावीस कोटींपलीकडे जाऊन बसले. समजा, कोणी चिकाटीचा मनुष्य १, २, ३ अशी एकेक संख्या कनिष्ठमूळ म्हणून तपासू लागला, मिनिटाला एक या वेगाने, रात्रंदिवस, विश्रांतीवाचून. तर त्यास उत्तर हाती येण्यास सुमारे ४३० वर्षे लागतील. भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'पासून सोळाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तो नुसता गुणाकारच करीत बसेल.

आमच्या मते या संख्येचे ऐतिहासिक महत्त्व नेमके येथे आहे. ती योगायोगाने कोणाला भेटणारी नव्हे. कनिष्ठ ४ व ज्येष्ठ ३१ ही जोडी एखाद्यास सहज सुचू शकेल; कनिष्ठ २२६१५३९८० सुचत नसते. ज्या ग्रंथात ती उत्तर म्हणून लिहिलेली आहे त्या ग्रंथाच्या कर्त्याजवळ एक खात्रीची रीत होती, याचा ती संख्या हाच पुरावा. दुसऱ्या साक्षीची गरज नाही. किंबहुना उत्तराच्याही आधी प्रश्नाची निवडच बोलकी आहे. साठ, बासष्ट, त्रेसष्ट सोडून मुद्दाम एकसष्टावर बोट ठेवणाऱ्याने या सर्वांची उत्तरे आधी काढून पाहिलेली असली पाहिजेत. अवघड गाठ कोणती हे तीच व्यक्ती सांगू शकते, जिने सर्व गाठी सोडविल्या आहेत. भास्कराचार्यांनी उदाहरणात ६७ आणि ६१ या दोन प्रकृती घेतल्या. सदुसष्टाचे उत्तर ५९६७ आणि ४८८४२; म्हणजे तेही अंगाबाहेरचेच, पण माणसांत बसणारे. एकसष्टाची गोष्ट मात्र वेगळी. आचार्य श्लोकात मित्राला हाक मारून विचारतात आणि वर्गप्रकृती तुझ्या मनात वेलीसारखी पसरली असेल तर सांग, असे वर म्हणतात. त्या लडिवाळ शब्दांच्या आड केवढा खड्डा खणून ठेवला होता, हे त्या मित्राला उदाहरण सोडवू लागल्यावरच कळले असेल!

या रीतीचा आरंभ मात्र भास्कराचार्यांपासून नाही. पाचशे वर्षे मागे गेले पाहिजे. इ. स. ६२८ मध्ये भिल्लमाळ येथे, म्हणजे आजच्या राजस्थानातील भीनमाळ गावी, ब्रह्मगुप्ताने 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' रचला. त्यात वर्गप्रकृतीचे पहिले व्यवस्थित विवेचन आहे आणि त्याचा प्राण आहे भावना. भावना म्हणजे दोन जोड्यांपासून तिसरी जोडी उत्पन्न करण्याची युक्ती. एकाच प्रकृतीच्या दोन जोड्या घ्याव्यात. एकीच्या ज्येष्ठाने दुसरीचे कनिष्ठ आणि दुसरीच्या ज्येष्ठाने पहिलीचे कनिष्ठ असे तिरपे गुणून बेरीज केली की नवे कनिष्ठमूळ मिळते. दोन्ही ज्येष्ठांचा गुणाकार आणि दोन्ही कनिष्ठांच्या गुणाकाराची प्रकृतीपट यांची बेरीज केली की नवे ज्येष्ठमूळ. आणि नवा क्षेप म्हणजे जुन्या दोन क्षेपांचा गुणाकार. ब्रह्मगुप्ताचे उदाहरण ९२ या प्रकृतीचे आहे. दहाचा वर्ग शंभर हा ९२ हून ८ ने अधिक. म्हणून कनिष्ठ १, ज्येष्ठ १०, क्षेप ८. या जोडीची स्वतःशीच भावना केली की कनिष्ठ २०, ज्येष्ठ १९२, क्षेप ६४. दोन्ही मुळांस आठाने भागून कनिष्ठ अडीच, ज्येष्ठ २४, क्षेप १. अपूर्णांक राहिला म्हणून पुन्हा एकदा स्वतःशी भावना : कनिष्ठ १२०, ज्येष्ठ ११५१, क्षेप १. चार ओळींत काम झाले. जो एका वर्षाच्या आत हे उदाहरण सोडवील तो गणक खरा, असे ब्रह्मगुप्ताने म्हणून ठेवले आहे. वर्षाची मुदत उदारपणाची, पण रीत ठाऊक नसेल तर ती पुरेलच असे नाही.

भावनेने एक अडचण मात्र मागे ठेवली. क्षेप १, २ किंवा ४ (ऋण किंवा धन) असलेली एखादी जोडी हाती आली तर ब्रह्मगुप्त पुढचा मार्ग दाखवितो. पण अशी जोडी मुळात आणावयाची कोठून? ती सुचली तर सुचली. हे नशीब काढून टाकण्याचे काम ज्या रीतीने केले तिचे नाव चक्रवाल. चक्रवाल म्हणजे वर्तुळ, चाक. प्रत्येक फेऱ्यात जुन्या जोडीपासून नवी जोडी काढावयाची आणि क्षेप आटोक्यात ठेवीत चाक फिरवीत राहावयाचे, जोपर्यंत क्षेप इष्ट जागी येऊन थांबत नाही. त्यासाठी दर फेऱ्यास एक संख्या निवडावी लागते. ती अशी हवी की तिने कनिष्ठास गुणून ज्येष्ठ मिळविले असता क्षेपाने निःशेष भाग जावा (हे काम आर्यभटापासून चालत आलेल्या कुट्टकाचे), आणि तिचा वर्ग व प्रकृती यांतील अंतर होईल तितके थोडे असावे. त्या भागाकाराचे फळ हे नवे कनिष्ठमूळ; त्या अंतरास जुन्या क्षेपाने भागून जे येते तो नवा क्षेप.

एकसष्टावर हे चाक फिरविताना पाहण्यासारखे आहे. आठाचा वर्ग ६४, म्हणून कनिष्ठ १, ज्येष्ठ ८, क्षेप ३. आता अशी संख्या हवी की तीत ८ मिळविले तर तिनाने भाग जावा : ४, ७, १० यांपैकी सातच्या वर्गाचे ६१ शी अंतर सर्वांत थोडे, म्हणून सात. पंधरास तिनाने भागून नवे कनिष्ठ ५. एकोणपन्नासमधून एकसष्ट वजा करून उरलेल्या ऋण बारास तिनाने भागून नवा क्षेप ऋण ४. आणि ज्येष्ठ ३९. पडताळा : पंचवीसची एकसष्ट पट १५२५, एकोणचाळीसचा वर्ग १५२१. येथे चाक एका फेऱ्यातच ऋण चारावर येऊन ठेपले, आणि ब्रह्मगुप्ताचा दरवाजा उघडला. दोनाने भागून कनिष्ठ पाच द्वितीयांश, ज्येष्ठ एकोणचाळीस द्वितीयांश, क्षेप ऋण १. हिची स्वतःशी भावना केली की १९५ व १५२३ यांची अर्धी, क्षेप धन १. हिची पुन्हा आधीच्या जोडीशी भावना : कनिष्ठ ३८०५, ज्येष्ठ २९७१८, क्षेप ऋण १. अपूर्णांक गेले. आणि या शेवटच्या जोडीची स्वतःशी भावना केली की कनिष्ठ २२६१५३९८०, ज्येष्ठ १७६६३१९०४९, क्षेप १. चारशे तीस वर्षांचे काम पाटीवर अर्ध्या तासाचे झाले.

या वाटेने आले म्हणजे आमच्या संख्येचे अंतरंगही उघडे पडते. तिच्यातून एक वजा करा आणि निम्मे करा : ८८३१५९५२४, हा २९७१८ चा पूर्ण वर्ग. तिच्यात एक मिळवा आणि निम्मे करा : ८८३१५९५२५, ही ३८०५ च्या वर्गाची बरोबर एकसष्ट पट. लागोपाठच्या दोन संख्या, एक शुद्ध वर्ग आणि दुसरी वर्गाची एकसष्ट पट. त्या दोहोंची बेरीज म्हणजे आमचे ज्येष्ठमूळ. शिवाय ज्येष्ठास कनिष्ठाने भागले तर एकसष्टाचे वर्गमूळ दशांशचिन्हानंतर सतरा स्थळांपर्यंत बिनचूक मिळते. वर्गमुळाचे असे आसन्न मान काढण्याची हौस आपल्याकडे फार जुनी. शुल्बसूत्रांत दोनाच्या वर्गमुळाचे जे मान दिले आहे ते ५७७ भागिले ४०८ असे येते, आणि ५७७ व ४०८ ही प्रकृती दोनची ज्येष्ठ-कनिष्ठ जोडीच होय.

आता यूरोपाकडे वळू. फेब्रुवारी १६५७ मध्ये फर्माने हाच प्रश्न सर्वसाधारण रूपाने गणितज्ञांपुढे ठेवला. फ्रेनिकल या आपल्या मित्रास लिहिताना तो म्हणतो की सर्वसाधारण रीत सापडत नसेल तर निदान ६१ आणि १०९ यांची उत्तरे तरी द्या. फार त्रास पडू नये म्हणून लहान संख्या निवडल्या आहेत. हा विनोद फर्माच्या स्वभावास साजेसा होता. एकशे नवाचे ज्येष्ठमूळ पंधरा अंकी आहे! भास्कराचार्यांची मित्राला दिलेली गोड हाक आणि फर्माचा हा सौजन्याचा आव, यांतील साम्य पाहून आम्हांस हसू आल्यावाचून राहत नाही. पाच शतके आणि अर्धे जग यांचे अंतर असलेली ही दोन माणसे एकाच प्रकारचा खोडकरपणा करीत होती, कारण दोघांनीही एकाच खड्ड्याची खोली मोजलेली होती.

आव्हान इंग्लंडात पोचले तेव्हा पूर्णांकच हवेत ही अट त्यांच्यापर्यंत नीट गेली नाही. लॉर्ड ब्राउंकर याने प्रथम अपूर्णांकांत उत्तर धाडले. अपूर्णांकांत हा प्रश्न अगदीच सोपा आहे : कोणतीही संख्या घ्या, तिच्या वर्गाची प्रकृतीशी बेरीज व वजाबाकी करून भागाकार केला की ज्येष्ठमूळ आले. आठ घेतला तर एकसष्टाचे कनिष्ठ सोळा तृतीयांश, ज्येष्ठ एकशे पंचवीस तृतीयांश. ही युक्ती श्रीपतीने अकराव्या शतकातच लिहून ठेवली होती. फर्माने अर्थातच नापसंती कळविली. मग ब्राउंकरने खरी रीत शोधली, आणि जॉन वॉलिस याने ती व्यवस्थित मांडून १६५८ साली सारा पत्रव्यवहार प्रसिद्ध केला. फ्रेनिकलने दीडशेपर्यंतच्या प्रकृतींची उत्तरे काढून इंग्रजांना ३१३ करून दाखवा म्हटले, तर ब्राउंकरने तेही तासा-दोन तासांत करून दिले. दोन राष्ट्रांच्या अभिमानाची चढाओढ यात होतीच, पण तिच्यातून गणिताचा लाभ झाला.

यानंतरची गोष्ट नावाची आहे आणि ती थोडी खेदाची आहे. लिओनार्ड ऑयलर हा अठराव्या शतकातील अग्रगण्य गणिती. त्याने हा प्रश्न हाती घेतला तेव्हा ब्राउंकरची रीत त्याने चुकून जॉन पेल या दुसऱ्याच इंग्रजाच्या नावावर चढविली. तेव्हापासून जगभर या समीकरणास पेलचे समीकरण असेच म्हणतात. आमच्या विद्यापीठांतील पाठ्यपुस्तकेही तेच म्हणतात, आणि आमची मुले परीक्षेत तेच लिहितात. ज्याने ते मांडले नाही, सोडविले नाही, त्याचे नाव अडीचशेहून अधिक वर्षे टिकले. ब्रह्मगुप्ताचे नाव कोठे तरी तळटीपेत. ऑयलरच्या मनात कपट नव्हते, हे उघड आहे. पण नावे अशीच रुजतात.

प्रश्न कायमचा मिटविला तो लाग्रांजने, १७६८ साली. प्रकृती स्वतः पूर्ण वर्ग नसेल तर उत्तर असतेच, आणि अमुक रीतीने गेल्यास ते मिळतेच, याची संपूर्ण सिद्धता त्याने दिली. फर्माने आपल्याजवळ सिद्धता असल्याचे १६५९ मध्ये कळविले होते, पण ती त्याने मांडून दाखविली नाही.

येथे आपल्याकडील अभिमानी वाचकास एक कडू घोट घेतला पाहिजे. भास्कराचार्यांनी रीत दिली, उदाहरण दिले, उत्तर दिले. पण चाक नेहमी थांबतेच, असे का, हे सांगितले नाही. यावरून कोणी म्हणतात की ती केवळ कसबाची गोष्ट, शास्त्राची नव्हे. हा निवाडा आम्हांस मान्य नाही. सूत्रग्रंथात उपपत्ती लिहावयाची नाही, ती गुरुमुखातून आणि टीकेतून यावयाची, असा आपल्याकडील शिरस्ता होता. विदर्भातील दधिग्रामाहून काशीस जाऊन राहिलेल्या घराण्यातील कृष्ण दैवज्ञाने सतराव्या शतकाच्या उंबरठ्यावर 'बीजगणिता'वर जी टीका लिहिली, तीत नियमांच्या उपपत्ती क्रमाने मांडल्या आहेत. (परप्रांतात स्थायिक होऊन विद्या सांभाळणारी मराठी घराणी आजची नव्हेत, हे या मासिकाच्या वाचकांस वेगळे सांगावयास नको.) तथापि चाक थांबतेच ही सिद्धता या परंपरेच्या ग्रंथांतून आलेली नाही, हेही तितकेच खरे. ती म्हैसूरच्या कृष्णस्वामी अय्यंगार यांनी १९२९–३० मध्ये भारतीय गणित परिषदेच्या पत्रिकेत दिली. पुढे विख्यात झालेले कवी ए. के. रामानुजन हे त्यांचेच पुत्र. त्यानंतर १९७५ मध्ये सेलेनियस या अभ्यासकाने दाखविले की 'अंतर होईल तितके थोडे' ही चक्रवालातील अट वरवर दिसते तशी साधी सोय नसून, तिच्यामुळेच रीतीस कमीत कमी पायऱ्या लागतात. एकसष्टासाठी लाग्रांजच्या मार्गाने बावीस पायऱ्या चढाव्या लागतात. चक्रवालाने, भावनेचा आडमार्ग न घेताही, चौदा.

कृतज्ञता आणि आक्रस्ताळेपणा यांमधला तोल आपल्याकडे सुटतो तो या ठिकाणी. फर्माने हे सारे आपल्या ग्रंथांतून उचलले, असे म्हणणारे लोक आम्ही ऐकले आहेत. 'बीजगणिता'चे फारसी भाषांतर शाहजहानच्या काळात, १६३४ साली झाले होते हे खरे. म्हणजे फर्माच्या पत्रापूर्वी तेवीस वर्षे एकसष्टाचे उत्तर फारसीत गेले होते. पण ते तुलूझपर्यंत गेल्याचा कसलाही पुरावा नाही. एकच उत्तर दोघांकडे सापडले यावरून उसनवारी सिद्ध होत नाही, कारण या प्रश्नाचे सर्वांत लहान उत्तर एकच आहे; जो कोणी खऱ्या रीतीने चालेल तो तेथेच पोचेल. कथा किंवा उपमा दोन देशांत सारखी निघाली तर कोणी कोणाकडून घेतली हे विचारावे लागते. संख्येच्या बाबतीत हा न्याय लागू नाही.

उलट बाजूचाही असाच एक हट्ट होता. चक्रवालाचा उगम एखाद्या लुप्त ग्रीक ग्रंथात असावा, अशी कल्पना काही यूरोपीय पंडितांनी लढविली. आर्किमिडीजच्या नावावर मोडणारे गुराढोरांचे एक कोडे १७७३ मध्ये जर्मन साहित्यिक लेसिंग याने एका ग्रंथालयातून बाहेर काढले. ते ४७२९४९४ या प्रकृतीवर येऊन ठेपते. त्याचे उत्तर २०६५४५ अंकी आहे, असे १८८० मध्ये निश्चित झाले, आणि ते पूर्ण मांडण्यास १९६५ साली कॅनडातील गणकयंत्र लागले. प्रश्न भव्य आहे यात संशय नाही. पण विचारणे वेगळे आणि सोडविणे वेगळे.

फारसी प्रतीवरून एडवर्ड स्ट्रॅची याने १८१३ मध्ये 'बीजगणित' इंग्रजीत आणले. मूळ संस्कृतावरून हेन्री टॉमस कोलब्रुकने १८१७ मध्ये ब्रह्मगुप्त आणि भास्कराचार्य या दोघांचेही गणिताध्याय लंडनला प्रसिद्ध केले. फर्मा, ऑयलर, लाग्रांज हे तिघेही तोवर कालवश झाले होते. १८७४ मध्ये हांकेल या जर्मन इतिहासकाराने लाग्रांजपूर्वीच्या संख्यासिद्धान्तात चक्रवालासारखे उत्तम दुसरे काही नाही, अशा अर्थाचा अभिप्राय दिला. आणि तरुणपणी दोन वर्षे अलीगढला अध्यापन केलेल्या आंद्रे वेय या थोर फ्रेंच गणितज्ञाने, आपले आव्हान भारतीयांनी कित्येक शतके आधी पुरे केले होते हे ऐकून फर्मास केवढे आश्चर्य वाटले असते, असे लिहून ठेवले आहे.

एक तपशील मात्र या सर्वांच्या नजरेतून सुटला होता. या रीतीला चक्रवाल 'म्हणतात', असे भास्कराचार्य सांगतात. मी म्हणतो असे नाही. म्हणजे नाव त्यांच्या आधीचे, आणि रीतही. हे आधीचे कोण, याचा उलगडा १९५४ साली लखनौचे कृपाशंकर शुक्ल यांनी केला. 'लघुभास्करीया'वर उदयदिवाकराने १०७३ मध्ये 'सुंदरी' नावाची टीका लिहिली आहे. तीत जयदेव नावाच्या आचार्याचे वीस श्लोक उद्धृत केलेले शुक्ल यांस आढळले, आणि त्यांत चक्रवाल सांगितलेले आहे. जयदेवाचा ग्रंथ उरलेला नाही. एका टीकाकाराने वीस श्लोक उतरून ठेवले नसते, तर हे नावही उरले नसते. भास्कराचार्यांच्या प्रामाणिक क्रियापदाला आठशे वर्षांनी आधार मिळाला.

भास्कराचार्यांचे ग्रंथ असे नष्ट झाले नाहीत, याचे एक कारण खानदेशात दगडावर कोरलेले आहे. चाळीसगावच्या नैर्ऋत्येस डोंगराच्या पायथ्याशी पाटण गाव आहे. तेथील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला आणि १८६५ साली त्यावर लिहिले. लेख शके ११२८ चा. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे यादव राजा सिंघणाचे मुख्य ज्योतिषी. त्यांनी आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून तेथे मठ स्थापिला आणि निकुंभवंशीय सोइदेवाने त्यास दान दिले, असा त्यातील मजकूर आहे. वंशावळीचे आणि विद्वत्तेचे वर्णन संस्कृत श्लोकांत आहे. परंतु शेवटी जेथे रोजचा खर्च कसा भागवावयाचा हे सांगावयाचे, तेथे लेखक संस्कृत सोडून मराठीवर येतो : बाजारात उघडणाऱ्या मालावरील राजाच्या कराचा वाटा मठाला, आणि गावात जितके घाणे चालतील त्या प्रत्येकामागे एक एक पळी तेल.